उद्यमनगरात जुन्या अल्टोचे ब्रेक ऑईल बदलले, त्याची हकीकत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या गॅरेजविषयी हे लिहीत आहे, त्याला पाटी नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी दोन गाड्या कशाबशा मावतात आणि तिसरी आली तर ती रस्त्यावरच उभी राहते. तरीही माझ्या २००७ सालच्या अल्टोचे ब्रेक ऑईल बदलण्याचे काम तिथे ज्या रीतीने झाले, त्या रीतीने ते आजवर एकदाही झाले नव्हते, असे मी आता खात्रीने सांगू शकतो. ही खात्री मला मिस्त्रींच्या बोलण्यावरून आलेली नाही. चारही चाकांतून निघालेले ऑईल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर आली आहे.

निमित्त घडले ते आंबा घाटात. मे महिन्यात रत्नागिरीला निघालो होतो. गाडीत आम्ही चौघे, डिकी सामानाने भरलेली आणि पुढे एक भरलेला ट्रक रांगत उतरत होता. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे गाडी शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलेले असूनही मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय जवळजवळ सतत ब्रेकवर ठेवूनच उतरत राहिलो. ही चूक सर्वस्वी माझी होती. साखरप्याच्या अलीकडे पेडल एकाएकी मऊ पडले. पाय खाली जात होता, पण गाडी आवळत नव्हती. भराभर चार-पाच वेळा पंप मारल्यावर थोडा ब्रेक लागला, तेवढ्यात दुसऱ्या गिअरवर येऊन आणि हँडब्रेकचा आधार घेऊन गाडी कडेला घेतली. बोनेट उघडून अर्धा तास थांबलो आणि पुन्हा पाय ठेवून पाहतो तो पेडल नेहमीसारखे कडक! कुठे गळती नाही, ब्रेक ऑईलच्या टाकीतील पातळीही बरोबर.

हे असे का होते, ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या मजकुराला अर्थ राहणार नाही. आपण ज्याला सर्रास ब्रेक ऑईल म्हणतो ते खरे म्हणजे ऑईल नव्हेच. ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून केलेला तो एक द्रव आहे आणि हवेतील ओल शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. टाकीच्या टोपणाला असलेल्या बारीक भोकातून, चाकांकडे जाणाऱ्या होज पाईपच्या रबरातून, अशी ओल वर्षानुवर्षे आत मुरत राहते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातील कपड्यांनाही ज्या गावात दमट वास येतो तिथे ती जरा अधिकच मुरत असणार. पाणी मुरले की द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाटात ब्रेक तापून ती उष्णता चाकाची डिस्क आवळणाऱ्या पॅडमधून ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोचली की तिथले ओलावलेले ऑईल उकळते व त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे चेपण्यातच खर्च होतो. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल साळसूदपणे पूर्ववत होते. गळती नसताना, विश्रांतीनंतर आपोआप बरा होणारा ब्रेक हे जुन्या ऑईलचे अगदी ठळक लक्षण आहे, आणि 'आता ठीक आहे, पुढे बघू' असे म्हणून ते सोडून देण्याची चूकही बहुतेक जण त्याच वेळी करतात.

गंमत अशी, की कागदोपत्री माझ्या गाडीचे ब्रेक ऑईल जेमतेम सात महिन्यांपूर्वीच बदललेले होते. शहरातील एका सर्व्हिस सेंटरचे तसे छापील बिल माझ्या फाईलमध्ये आहे. त्या बिलात 'ब्रेक ऑईल बदलणे' अशी ओळ आहे, त्यापुढे मजुरी आहे, आणि ते वाचून मी निर्धास्त होतो. गावाचे आणि सेंटरचे नाव घेऊन भांडण उकरण्यात मला रस नाही. पण त्या ओळीचा खरा अर्थ काय होता, तो उद्यमनगरात उघड झाला आणि तो पुढे येईलच.

ऑईल कोणते घ्यावे या प्रश्नावर मी जितका वेळ घालवला तितका घालवण्याची वस्तुतः गरज नव्हती, तरी त्यातून हाती लागलेले सांगतो. बाटलीवर डॉट ३, डॉट ४, डॉट ५ किंवा डॉट ५.१ असे लिहिलेले असते. डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याची आद्याक्षरे. त्या खात्याच्या मानकानुसार नव्या, कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरही तो १४० अंशांच्या खाली जाता कामा नये. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. यातील पहिला आकडा दुकानदाराला आवडतो. आपल्या कामाचा आहे तो दुसरा, कारण गाडीतील ऑईल कोरडे राहते ते सुरुवातीचे काही दिवसच. आपल्याकडील बाटल्यांवर यासोबत आयएस ८६५४ हा भारतीय मानकाचा क्रमांकही पाहायला मिळतो.

माझ्या टाकीच्या टोपणावर डॉट ३ असे उठावाच्या अक्षरांत आहे. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच घराण्यातील असल्यामुळे डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, त्याने रबराचे नुकसान होत नाही आणि पाईपमध्ये जुन्याचा थोडा अंश राहिला तरी बिघडत नाही. गाडी केवळ राजारामपुरी ते बिंदू चौक एवढीच फिरणार असेल तर डॉट ३ नेही काही अडणार नाही. मात्र ज्याला पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा आणि वर्षातून दोनदा तरी कोकण आहे, त्याने डॉट ४ घ्यावे, असे माझे मत झाले आहे. किमतीतील फरक एका वेळच्या मिसळीहून फार नाही. डॉट ५.१ पातळ असते आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांत त्याचा उपयोग होतो. माझ्या गाडीला एबीएस नाही, तेव्हा जास्तीचे पैसे देण्याचे कारण नव्हते. डॉट ५ मात्र नावाने भाऊबंद वाटले तरी जात वेगळी आहे. ते सिलिकॉनचे असते, ओल शोषत नाही, आणि ग्लायकॉलच्या ऑईलमध्ये ते मिसळू नये. नुसता आकडा मोठा म्हणून ते उचलणारा ग्राहक मी स्वतः पाहिला आहे आणि त्याला ते बिनदिक्कत विकणारा दुकानदारही.

बाजारात बॉश, कॅस्ट्रॉल अशी नावे सहज मिळतात. मारुतीचे स्वतःचेही मिळते. मी बॉशचे डॉट ४ घेतले. दुसरे घेतले असते तरी माझ्या पायाला फरक कळला असता, असा दावा मी करणार नाही. नावापेक्षा मी तीन गोष्टी पाहिल्या: टोपणाखालचे सील शाबूत आहे का, बाटलीवरची उत्पादनाची तारीख किती जुनी आहे, आणि बाटली लहान आहे का. मोठा डबा स्वस्त पडतो, पण उघडा राहिलेला डबा कपाटात बसूनही ओल पीत राहतो. काही ठिकाणी उघड्या कॅनमधून सुटे ब्रेक ऑईल मोजून देतात. ते कुठल्याही कंपनीचे असले तरी घेऊ नये. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन मी गॅरेज गाठले.

मिस्त्रींनी बाटल्या हातात घेऊन सील पाहिले आणि बाजूला ठेवल्या. मी मोठ्या ऐटीत खिशातून ओल तपासण्याचे पेन काढले. हे पेन ऑनलाईन मिळते. त्याच्या टोकाला दोन धातूच्या काड्या असतात आणि ऑईलमधून वीज किती वाहते यावरून पाण्याचा अंदाज घेऊन ते हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावते. टाकीत बुडवले तर हिरवा दिवा लागला. मी बुचकळ्यात पडलो. मिस्त्री हसले.

“सर, टाकीतलं बघून काय कळत न्हाई. चाकातलं काढूया, मग लावा तुमचं पेन.”

गाडी जॅकवर चढवून खाली घोड्या लावल्या. मागच्या डाव्या चाकाच्या निपलवर, म्हणजे ऑईल बाहेर काढण्याच्या छोट्या पोकळ स्क्रूवर, सलाईनची पारदर्शक नळी बसवली आणि तिचे दुसरे टोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत, तळाशी थोडे नवे ऑईल ओतून त्यात बुडवून ठेवले. रिंग पान्याने निपल पाव आटा सैल करताच नळीतून जे आले ते कोऱ्या चहापेक्षा काळे होते आणि त्यात काजळीसारखे कण तरंगत होते. त्यात पेन बुडवले, लाल दिवा! सात महिन्यांपूर्वी 'बदललेले' ऑईल म्हणजे टाकीतील ऑईल वरच्या वर ओढून घेऊन तेवढेच नवे ओतलेले होते. पाईप, पुढचे कॅलिपर आणि मागच्या ड्रममध्ये तेच काम करणारे व्हील सिलिंडर यांच्यातील ऑईलला कोणी हातही लावलेला नव्हता. टाकीतले ऑईल काही इंजिन ऑईलसारखे फिरत नाही, ते आपल्या जागी पुढेमागे सरकते एवढेच. त्यामुळे वर मध आणि खाली डांबर अशी स्थिती वर्षानुवर्षे राहू शकते, आणि उकळते ते नेमके खालचेच.

पुढचे काम मी आत बसून केले, कारण मदतनीस पोरगा दुसऱ्या गाडीखाली होता. मिस्त्री चाकापाशी बसून ओरडत, “दाबा,” मी दाबी. “धरा,” आणि मी पाय तसाच रोखून धरी. निपल उघडे, नळीतून ऑईल सुटे, पेडल पायाखाली हळूच बुडे, निपल बंद होई आणि मगच “सोडा” ऐकू येई. निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर तिथून हवा आत ओढली जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, म्हणून हा क्रम ते अजिबात चुकू देत नव्हते. बसण्यापूर्वी त्यांनी पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला होता. त्याचे कारण मला फार पटले. रोजच्या वापरात पेडल कधी तळापर्यंत जात नाही, त्यामुळे पेडलच्या जोराने ऑईलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पुढच्या भागात जुन्या गाडीत गंज आणि गाळ साचलेला असतो. ऑईल काढण्याच्या भरात पेडल फळीला टेकेपर्यंत दाबले की रबरी वायसर त्या खरबरीत भागावरून घासून फाटतात. धडधाकट मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईल बदलल्यानंतर आठवड्यात 'गेला', असे जे आपण ऐकतो, त्यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असावे.

मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे, असा त्यांचा क्रम होता. काही गाड्यांत ब्रेकच्या पाईपची जोडणी तिरकी असते आणि कंपनी वेगळा क्रम सांगते, तेव्हा आपल्या गाडीचे पुस्तक एकदा पाहिलेले बरे. दर सात-आठ दाबांनंतर ते उठून टाकीत भर घालत. टाकी रिकामी होऊन हवा ओढली गेली तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजावे. पुढच्या उजव्या चाकाचे निपल गंजून बसले होते. इथे माणसाची परीक्षा होते. जोर लावला असता तर ते तुटले असते आणि कॅलिपर काढावा लागला असता. मिस्त्रींनी गंज सोडवणारा स्प्रे मारला, छोट्या हातोडीने दोन-चार टिचक्या दिल्या आणि सरळ चहा मागवला. वीस मिनिटांनी निपल कुरकुर न करता सुटले. चारही निपलांची रबरी टोपणे केव्हाच पडून गेली होती आणि भोकांत चिखल वाळलेला होता. तीही त्यांनी नवी बसवली, आणि त्यांचे पैसे मी विचारूनही लावले नाहीत.

मागच्या डाव्या ड्रमच्या आत मात्र काम निघाले. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल होती; लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, अजून भिजले नव्हते, एवढे नशीब. आतील नळकांड्याला गंजाचे खड्डे पडले असते तर नवा सिलिंडरच बसवावा लागला असता, पण आत हलका डाग होता, म्हणून किटवर, म्हणजे नव्या रबरांच्या संचावर, भागले. तोवर मोकळा झालेला पोरगा सुटे भाग धुण्यासाठी पेट्रोलचा डबा घेऊन आला, तेव्हा मिस्त्री त्याच्यावर खेकसले.

“पेट्रोल लावू नको रं त्याला, रबर फुगतंय. ब्रेक ऑईलनंच पूस.”

हे रबर ग्लायकॉलच्या ऑईलसाठीच बनवलेले असते आणि पेट्रोल, डिझेल, ग्रीस किंवा इंजिन ऑईल यांच्यापैकी कशाचाही हात लागला तर ते फुगून निकामी होते. चुकून टाकीत चमचाभर इंजिन ऑईल पडले तरी नुसते धुऊन भागत नाही, सगळी रबरे बदलण्याची पाळी येते. 'ब्रेक ऑईल' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की तो कोणी बदलील असे वाटत नाही. पण या एका शब्दापायी किती टाक्यांत नको ते ओतले गेले असेल, असा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

साधारण पाऊण लिटर नवे ऑईल वापरल्यानंतर चारही नळ्यांतून फिकट, स्वच्छ धार येऊ लागली. पातळी त्यांनी मॅक्सच्या रेषेखाली बोटभर ठेवली. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, की पुढचे पॅड निम्मे झिजलेले आहेत. पॅड झिजतील तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतील पातळी उतरते, ती उतरू द्यायची. मधेच कोणी टाकी काठोकाठ भरली तर पॅड झिजल्याची खूणही बुजते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे रेटले की तेच ऑईल उतू जाऊन बॉडीवर सांडते. ब्रेक ऑईल रंगाला खाते. माझ्या उजव्या फेंडरवर एक थेंब पडला तेव्हा त्यांनी पुसण्याऐवजी मगभर पाणी ओतले. ते पाण्यात विरघळत असल्यामुळे धुणे हाच उपाय, पुसले तर ते पसरते. त्या जागी आज डाग नाही.

आता न आवडलेल्या गोष्टी. काम दहा वाजता सुरू होईल असे सांगितले होते, हात लागला तो पावणेबाराला. छापील बिल मिळाले नाही. दोन बाटल्या मी आधीच घेतल्या होत्या, किट आणि मजुरी यांचा हिशेब त्यांनी वहीच्या पाठच्या पानावर करून फाडून दिला. सगळे धरून मला एक हजार पन्नास रुपये खर्च आला, ज्यात खरेदीचा भाग मजुरीपेक्षा मोठा होता. निघालेले काळे ऑईल त्यांनी जळक्या इंजिन ऑईलच्याच ड्रममध्ये ओतले. ही दोन्ही वेगळी ठेवायला हवीत, असे मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पण दुसरा कॅन तिथे नव्हताच. निदान गटारात ओतले नाही, हे नमूद करतो, कारण तेही मी इतरत्र पाहिले आहे. ज्याला एसी वेटिंग रूम आणि मोबाईलवर संदेश हवेत त्याने इथे येऊ नये. बसायला एक टायर आणि त्यावर टाकलेली फळी आहे.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून एक मिनिटभर धरायला लावले. ते कणभरही खाली सरकले नाही, म्हणजे आतून कुठे गळत नाही. नंतर रिकाम्या गल्लीत दोन वेळा ब्रेक मारून पाहिला. पंधरा दिवसांनी मी मुद्दाम पन्हाळ्यावर जाऊन आलो, उतरताना दुसऱ्याच गिअरमध्ये, आणि खाली येऊन पेडलवर पाय ठेवला तर ते वर होते तेवढेच खाली होते. आंबा घाटाची परीक्षा अजून द्यायची आहे. ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचे, हा सर्वसाधारण सल्ला ते मानतात. तारीख त्यांनी पांढऱ्या मार्करने टाकीजवळच्या पत्र्यावर लिहून ठेवली आहे. दुसऱ्या बाटलीत उरलेले पाव लिटर त्यांनी मला परत दिले, मात्र पुढच्या खेपेला ते आणू नका, अशी ताकीद देऊन.

गॅरेजचे नाव आणि पत्ता लिहू का, असे मी त्यांना विचारले होते. आहेत तीच गिऱ्हाईके उरकत नाहीत, कामाला पोरे मिळत नाहीत, तेव्हा कृपा करून लिहू नका, असे त्यांनी सांगितले. म्हणून लिहीत नाही. आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये हे काम करून घेणार असाल तर सीलबंद बाटल्या स्वतः न्या, आणि नळी लावलेली बाटली चारही चाकांपाशी मला दाखवा, एवढे आधी सांगून ठेवा. 'सर, टाकीतलं बदललं की झालं' असे उत्तर आले, तर गाडी तिथून काढून पुढच्या गल्लीत न्यावी. उद्यमनगरात गॅरेजांना तोटा नाही.